फोटोमागची ओवी

नमस्कार, जय भीम, आणि या, बसा. मी रचना कुंडलिक भालेराव. वय चौतीस. पोटासाठी दुसऱ्यांच्या वेबसाइट बनवते आणि जिवासाठी फोटो काढते. ऑफिस ठाण्यात, कोलशेतला. घर डोंबिवली पश्चिमेला, रेतीबंदर रोडवर, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दहा वर्षांत मी दातांच्या डॉक्टरांच्या, क्लासवाल्यांच्या, एका पापडवाल्या काकूंच्या मिळून एकसष्ट साइट केल्या. स्वतःची एकही नव्हती. माझी आई गल्लीभरच्या बायकांची पोलकी शिवायची आणि स्वतःच्या पोलक्याला सेफ्टीपीन लावून फिरायची, त्यातलाच हा प्रकार.

तर ही माझी साइट! तुम्ही आलात, मला खरंच फार बरं वाटतंय.

'माझ्याविषयी' हे पान मी सगळ्यांत शेवटी लिहितेय. ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर विनीत बसतो. कल्याणहून येतो, कोड लिहितो, दुसऱ्याच्या डब्यातलं खातो. तो म्हणाला, "अगं, चार ओळी टाक ना. नाव, काम, कॅमेरा. लोक काय कादंबरी वाचायला येतात का?"

चार ओळींत मावलं असतं तर टाकल्या असत्या.

आधी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. वेबसाइटवर फोटो लावला की त्याच्या मागे एक वर्णन लिहायचं असतं. बघणाऱ्याला ते दिसत नाही. ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्यासाठी फोन ते मोठ्यानं वाचतो. फोटोवर बोट ठेवायचं, की आतला आवाज सांगतो: फोटोत अमुक आहे. बहुतेक डिझायनर इथं टंगळमंगळ करतात. 'फोटो एक', 'फोटो दोन' असं लिहून मोकळे होतात. मीही करायचे.

मग आईचे डोळे गेले.

काचबिंदू. आधी कडा गेल्या, मग सुईचं नाक, मग मी. दोन वर्षांपूर्वीच्या मार्चपासून पूर्ण अंधार. सुईत दोरा ओवता येईना तशी आई शिवणयंत्रावर चादर टाकून बसली, भिंतीकडे तोंड करून. टीव्ही नको, गाणी नको. एकदाच म्हणाली, "तुझे फोटो बघायचे राहिले गं, रचे. तू दाखवायचीस तेव्हा मी कुकरची शिट्टी मोजत असायचे."

ते वाक्य मला फार लागलं. साइट करायची तर आईसाठी, आणि अशी करायची की तिला फोटो दिसले पाहिजेत, एवढंच मी ठरवलं.

कोरडी वर्णनं लिहून तिला काय दिसणार? माझी आजी जात्यावर ओव्या म्हणायची. पहिली ओवी बाबासाहेबांना, दुसरी बंधूला, मग माहेर, मग लेकी. आई त्या ऐकत वाढली आणि मी आईच्या मशीनच्या खडखडाटात त्या ऐकत वाढले. म्हणून मी प्रत्येक फोटोमागे एक ओवी लिहायला घेतली. दोन महिने लिहीत होते. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, मिटिंगमध्ये मान हलवत. एवढा आनंद मला कुठल्याच कामात झाला नव्हता!

पहिला फोटो कोलशेतच्या खाडीचा. जानेवारीतली सकाळ, ओहोटी, चिखलात कलंडलेली होडी, पलीकडे एक बगळा. पहिली ओळ चटकन आली: ओहोटीच्या चिखलात, होडी निजली आडवी. दुसरी अडली. ओवीला नातं लागतं. कुणीतरी आपलं माणूस तिच्यात असावंच लागतं, नाहीतर ती नुसती हवामानाची बातमी होते. मला बंधू नाही, बहीण नाही. मी एकटी मुलगी.

अशा वेळी आम्ही डिझायनर काय करतो? डमी टाकतो. खरा मजकूर येईपर्यंत जागा भरायला खोटा मजकूर. नाव, फोटो, पत्ता, काहीही. मी टाइप केलं:

संचिता गं माझी बहीण, मला बगळा दाखवी.

नाव कुठून आलं माहीत नाही. चालीत बसलं. नंतर बदलू म्हटलं. आणि आमच्या धंद्यात जी चूक हमखास होते तीच झाली. डमी तसाच राहिला आणि साइट लाइव्ह गेली.

एप्रिलमधला रविवार होता. सकाळचे अकरा. मी आईच्या हातात फोन दिला, तिचं बोट धरून पहिल्या फोटोवर ठेवलं. फोनमधल्या बाईनं (आई त्या आवाजाला 'बाई'च म्हणते) ओवी वाचली.

आईचा चेहरा हलला. दोन वर्षांनी हलला!

"पुन्हा म्हणायला सांग तिला," ती म्हणाली. पुन्हा ऐकलं. मग हसली. "होडी दिसली बघ. पण ही संचिता कोण गं?"

मी कपाळावर हात मारला. "अगं, डमी राहिला. बदलते."

"डमी म्हणजे?"

"खरं येईपर्यंत जागा धरून ठेवायची."

"एसटीत रुमाल टाकतात तसं?"

"अगदी तसं."

"मग रुमाल टाकला की माणूस येणारच की गं," आई म्हणाली. "नाहीतर टाकतं कोण?"

आम्ही दोघी हसलो. मी लॅपटॉप उघडून ओळ बदलली: वारा खाडीचा येऊन, मला बगळा दाखवी. साठवली, तपासली, पडद्यावर नवी ओळ होती. आईनं बोट ठेवलं.

संचिता गं माझी बहीण, मला बगळा दाखवी.

यात घाबरण्यासारखं काही नाही. फोन जुनं पान लक्षात ठेवतो. मी ते सगळं पुसलं, फोन बंद करून चालू केला. तरीही संचिता. म्हटलं, सोमवारी विनीतला दाखवू.

दुसरा फोटो कल्याणच्या फूलबाजारातला. झेंडूचे ढीग, मध्ये माणसं. त्यामागची ओवी मी अशी लिहिली होती:

कल्याणच्या बाजारात, पडला झेंडूचा ढीग
पिवळ्या त्या उजेडाची, लागली दारापाशी रीघ.

मी आत चहा ठेवत होते. बाहेरून आई म्हणाली, "रचे, बांधणीची आहे का गं ओढणी?"

"कुठली?"

"लाल. संचिताची."

मी गॅस बारीक केला आणि बाहेर आले. आई भिंतीकडे पाठ करून बसली होती. तिनं फोटोवर बोट ठेवलं. बाईनं माझी ओवी वाचली. थांबली. मग त्याच सपाट आवाजात, एकही शब्द न चुकता, पुढं वाचलं:

बाई फुलांच्या गर्दीत, लाल ओढणीचं टोक
संचिता गं वळून बघे, आई मला मार हाक.

मी फोटो पूर्ण मोठा करून पाहिला. हमाल, टोपल्या, झेंडू, एक सायकल. लाल काहीच नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई घाबरली असेल. नाही हो! माझं काळीज धडधडत होतं, पण आनंदानं. कुणीतरी माझ्या साइटमध्ये शिरून ओव्या लिहीत होतं, आणि त्या माझ्याहून चांगल्या होत्या.

सोमवारी मी विनीतला धरलं. "खरं सांग. तूच ना?"

"मी?" तो माझ्या डब्यातली मटकी खात म्हणाला. "अगं, ओवी म्हटलं की मला ओवा आठवतो. पोट दुखतं तेव्हा खातात तो."

त्यानं सगळं तपासलं. कुणी शिरलेलं नव्हतं. मागे लिहिलेला मजकूर माझाच, अक्षर न् अक्षर. त्याच्या फोनवर त्यानं बोट ठेवलं तेव्हा बाईनं तेवढंच वाचलं. "फोन खराब आहे काकूंचा," तो म्हणाला.

मी घरी जाऊन आईला माझा फोन दिला. तिनं बोट ठेवलं. संचिता. मी ठेवलं. नुसता झेंडू. पुन्हा तिनं. संचिता. आम्ही जेवण होईपर्यंत हाच खेळ खेळलो. फोन कुठलाही असो, बोट आईचं असलं तरच ती यायची.

आणि आई! तुम्ही तिला त्या दिवसांत पाहायला हवं होतं. मी एकूण चोवीस फोटो लावलेत. ती रोज दुपारी एकेकावर बोट ठेवायची आणि संध्याकाळी मला सांगायची. ठाकुर्लीच्या तळ्याच्या फोटोत पाण्यावर किती जलपर्णी आहे. तलावपाळीच्या फोटोत फुगेवाल्याच्या हातात फुगे किती आणि सुटलेला कुठला. मी मोजून बघायचे. बरोबर असायचं. माझ्या ओवीत यातलं काहीच नव्हतं. दोन वर्षं हात धरल्याशिवाय न उठलेली माझी आई एके दिवशी शिवणयंत्रावरची चादर काढून घडी घालत होती.

"तू छान लिहितेस गं," ती म्हणाली. "पण तू वाचून दाखवतेस. ती दाखवते."

मी हसले. पण खरं सांगते, ते टोचलं. चौतीस वर्षं मी एकुलती होते.

मे महिन्यात मी होडीच्या फोटोची प्रिंट काढून कोलशेतच्या बंदरावर गेले. ज्याची वस्तू फोटोत येते त्याला एक प्रत द्यायची, हा माझा नेम आहे. होडी ह्युबर्ट अंकलची. जेवणाची वेळ, ऊन मी म्हणत होतं, खाडीला चिखलाचा उग्र वास. अंकल सावलीत जाळं शिवत बसलेले. प्रिंट हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"बरी आली होरी," ते म्हणाले. "एकटीच आलीस? बहीण नाय आली?"

"कुठली बहीण, अंकल?"

"आता कुठली! ती लाल ओढनीवाली. त्या दिवशी नाय का, तू कॅमेऱ्यात डोळा घालून उभी, नि ती तुझ्या मागं. तू तिच्याशी बोलत पन नव्हतीस. मी म्हटलं, भांडल्यात पोरी."

माझ्या हातातली पाण्याची बाटली गरम झाली होती. मी ती उगाच उघडली, उगाच लावली.

"काय बोलली ती?"

"इचारलंन, आईला निवट्या आवडतात काय." निवट्या म्हणजे चिखलात उड्या मारणारे खाडीतले मासे. "मी म्हटलं, आई तुझी नि मला काय इचारतेस? तरी दिल्या मूठभर. आवडतात ना?"

"हो," मी म्हटलं. "फार."

वडील असताना आणायचे. त्यानंतर आमच्या घरात निवट्या आल्या नव्हत्या. एकदाच, थंडीत, मी संध्याकाळी घरी आले तेव्हा आई म्हणाली होती, निवट्या झकास झाल्या होत्या हं. मला वाटलं, शेजारच्या सगुणाताईंनी वाटीभर कालवण आणून दिलं असेल.

फोटो जानेवारीतला होता. संचिता हे नाव मी फेब्रुवारीत टाइप केलं.

बंदरावरून ऑफिसला परतताना मी तेच महिने बोटांवर पुन्हा पुन्हा मोजत होते.

त्या संध्याकाळी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन आईसमोर बसले. साइट उतरवायला एक बटण लागतं. मी आईला सगळं सांगितलं. बंदर, ओढणी, निवट्या.

ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काढू नकोस."

"आई, ती कोण आहे ते आपल्याला माहीत नाही."

"मला माहीत आहे. तू लिहिलीस ती. बहीण म्हणून लिहिलीस ना? ओवीत एकदा माणूस घेतलं की टाकता येत नाही, बाळा. तुझी आजी भांडलेल्या भावालासुद्धा ओवीत घ्यायची, आणि तो बैलगाडी जुंपून यायचा."

"ही आली ती मी लिहायच्या आधी."

"मग उशीर तुझा झाला," आई म्हणाली.

मी बटणावरून बोट काढलं नाही. आईनं चाचपत माझा हात धरला. सुईनं भोकं पडलेली, कडक झालेली बोटं.

"रचे, ती गेली की मी परत भिंतीकडे तोंड करून बसणार. तुला सांगून ठेवते. रडणार नाही, भांडणार नाही. नुसती बसणार. मला दिसतंय गं. मला दिसतंय, आणि तू दिवा मालवतेस."

मी लॅपटॉप मिटला. तुम्ही काय केलं असतं?

"आणि तिचाही एक फोटो काढ," आई डोळे पुसत म्हणाली, एकदम लाडात आल्यासारखी. "सगळ्या जगाचे काढतेस. ती रोज म्हणते."

रविवारी दुपारी बारा वाजता मी खिडकीशी खुर्ची ठेवली. पडदा अर्धा ओढला. उजेड किती सुंदर होता सांगू! दुधासारखा, खुर्चीच्या पाठीवरून हळू ओघळणारा. कुठल्याही माणसाला या उजेडात बसवलं तर ते देखणंच दिसेल, असा. तिवईवर कॅमेरा लावताना मी चक्क गुणगुणत होते. इतक्या महिन्यांत मला असा उत्साह आला नव्हता.

आई पलंगावर बसून सूचना देत होती.

"हनुवटी वर कर. हां. ओढणी सारखी कर."

मला नव्हे. खुर्चीला.

मी कॅमेऱ्यात पाहिलं. रिकामी खुर्ची, तिच्या लाकडावर उजेड. मी बटण दाबलं. एकदा, दोनदा, तीनदा.

फोटो साइटवर लावला. मागे वर्णन काहीच लिहिलं नाही. कोरी जागा. तुम्हाला तो पंचविसावा फोटो म्हणून दिसेल.

आईनं बोट ठेवलं.

बाई काही बोलली नाही. मी वाट पाहिली. खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. आई मात्र मान तिरकी करून ऐकत होती, हसत होती, मध्येच 'हूं' म्हणत होती.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"तुझ्यासारखीच आहे गं नाकाडोळ्यात..." आई थांबली. "नाही. डोळे तुझे नाहीत."

"मग?"

"माझे आहेत." तिनं फोन बाजूला ठेवला. आवाजात आश्चर्य नव्हतं. हरवलेली कात्री सापडावी तसा साधा आनंद होता. "माझेच ते. गेले म्हणत होतो ना आपण? हिच्याकडे होते."

मी कॅमेरा तिवईवरून काढला. झाकण लावलं. तिवईचे पाय मिटले. हातांना काम हवं होतं.

फोन पलंगावर पडला होता, पडदा काळा. मी मुद्दाम जवळ जाऊन पाहिला. बंद होता.

आई कुठल्याही फोटोवर बोट न ठेवता बसली होती. तोंड माझ्याकडे, नजर नेहमीसारखी कुठंतरी वर.

"किती वाळलीस गं," ती म्हणाली.

मी कॅमेऱ्याचा पट्टा हाताला गुंडाळला.

"कानामागं केस पांढरे झालेत. बोलली नाहीस कधी."

खुर्ची खिडकीशीच होती. मी तिच्याकडे पाठ करून उभी होते, आईकडे तोंड करून. मग माझ्या लक्षात आलं की कानामागचे केस आईच्या बाजूनं दिसायचे नाहीत. मागूनच दिसतील.

मी सावकाश वळले. खुर्चीवर उजेड होता.

"हां, आता नीट दिसलीस," माझ्या पाठीमागून आई म्हणाली, अगदी मायेनं. "चष्मा पूस गं. डाव्या काचेवर बोट उमटलंय."

मी चष्मा काढला. उमटलं होतं.

माझ्या ओढणीनं काच पुसली, पुन्हा पुसली. मान वर केली नाही.